न दुखणारे दात

कोस्ता दो काकाउ
१२ फेब्रुवारी १९९४

प्रिय धर्ममाय नॉर्मा,

आशीर्वाद मागते.

तुम्ही मला विसरला नसाल असं धरून लिहिते. संत जुआंवच्या सणाला माझा हात धरून शेकोटीवरून उड्या मारल्यात आणि नवे बूट जाळून घेतलेत, ती मी. एर्मिनियोची थोरली मुलगी, जुसिरेनी. तीन उड्या एकत्र मारल्या की माणूस धर्ममाय होतं, हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण झालात ती झालात, आता सुटका नाही.

बातमी अशी की जूनमध्ये संत अंतोनियोच्या दिवशी माझं लग्न आहे. मुलगा पलीकडच्या काठावरचा, एदिवान. त्याच्या वडिलांच्या म्हशी आहेत. मुलगा बोलत फार नाही, पण जाळं नीट विणतो. तुम्ही यायलाच हवं, धर्ममायेशिवाय लग्न म्हणजे लोक नावं ठेवतील.

बाबा मला लग्नात कवळी देणार आहेत, वरची आणि खालची दोन्ही. इथे मुलगी देताना तोंड साफ करून द्यायची पद्धत आहे हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणजे जावयाच्या गळ्यात दाढदुखी पडत नाही. एप्रिलच्या शेवटी साखरपुडा आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिबुर्सियो दातवाला सगळे दात काढेल, जूनपर्यंत हिरड्या भरून येतील आणि मी नव्या दातांनी बोहल्यावर उभी राहीन. आमच्या घरात एवढी मोठी भेट कुणाला मिळालेली नाही. धाकटी जुसिमारा आत्तापासूनच विचारते, माझी कधी.

एकच विचारायचं होतं. शाळेत तुम्ही माझ्या चार दाढांत सिमेंट भरलंत आणि सगळ्या मुलांना बजावलंत की तीन वर्षं याला कुणी हात लावायचा नाही, आम्ही तपासायला येऊ. सिमेंट अजून घट्ट आहे, मी जिभेने रोज चाचपते. आता दात काढले की त्या चार दाढा वेगळ्या ठेवून तुमच्याकडे पाठवू का? मिठात घालून पाठवाव्यात की दारूत? मासा आम्ही मिठात पाठवतो, तो टिकतो. सिमेंट तुमचं आहे म्हणून विचारलं.

ही चिठ्ठी लाँचच्या तांडेलाकडे देते आहे. तो पिऊन नसेल तर पोचेल.

तुमची धर्मकन्या,
जुसिरेनी


बेलेम
१ मार्च १९९४

प्रिय जुसिरेनी,

देव तुझं भलं करो.

दाढा मिठात घालू नकोस आणि दारूतही नको. त्या जिथे आहेत तिथेच, तुझ्या तोंडात राहायला हव्यात. मी घाईघाईने लिहिते आहे कारण मला धक्का बसला आहे.

सतरा वर्षांच्या मुलीचे चांगले दात उपटणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. तुझ्या वडिलांना हे माझ्या शब्दांत सांग. तुझ्या त्या चार दाढा मी स्वतः भरल्या आहेत. किडलेला मऊ भाग हाताने खरवडून काढला आणि सिमेंट बोटाने दाबून बसवलं. ना यंत्र लागलं ना वीज. त्या सिमेंटमधून फ्लोराइड थोडं थोडं झिरपत राहतं आणि कीड पुढे सरकत नाही. तुमच्यासारख्या गावांत हे किती टिकतं हेच तर आम्हाला जगाला दाखवायचं आहे.

येत्या सप्टेंबरमध्ये तीन वर्षांची तपासणी आहे. तोपर्यंत तुझ्या दातांना धक्का लागता कामा नये. तुमच्या शाळेतल्या किती तरी मुली आधीच तपासणीतून गळाल्या आहेत असं कानावर येतं. अशाच गळत राहिल्या तर सगळं संशोधन लंगडं पडेल.

लग्नाबद्दल अभिनंदन. साखरपुड्याला येणं जमणार नाही, कॉलेजात परीक्षा आहेत.

डॉ. नॉर्मा बेंतेस


कोस्ता दो काकाउ
१९ मार्च १९९४

डॉक्टरबाई,

हे पत्र मी, एर्मिनियो, सांगतो आहे आणि माझी मुलगी लिहिते आहे, कारण माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. (हे खरं आहे. जुसिरेनी.)

तुमचं पत्र मुलीने वाचून दाखवलं. तो अडाणी शब्द ती गाळायला बघत होती, पण मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. (गाळणारच होते.)

तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचा दात दुखला तर तुम्ही काय करता? चप्पल घालता आणि रस्ता ओलांडता. आमचा रस्ता म्हणजे ही नदी. माझी धाकटी बहीण एल्झा, तिची दाढ दुखायला लागली. गाल सुजला, मग गळा सुजला. लाँच नदीने खाली गेली होती. मी तिला होडीत घालून वल्हवत निघालो. ती होडीतच गेली, मला काठ दिसत होता तेव्हा. तिचं लग्न ठरलेलं होतं. माझ्या बापाने तिचे दात काढायचं पुढल्या वर्षावर ढकललं होतं. (हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. बाबा आता बाहेर जाऊन उभे आहेत. आले.)

मी त्याच वर्षी सगळे काढून टाकले. माझ्या तोंडात एक दात नाही आणि मला एकही दुखत नाही. माझ्या बायकोचंही तेच. मुलीचं तोंडही मी तसंच बिनघोर करून देणार. तुम्ही येता, पोरांना रांगेत उभं करता, दातात माती भरता आणि निघून जाता. तुमच्यापाशी सप्टेंबर आहे. माझ्यापाशी होडी आहे, आणि त्या होडीत मी परत मुलगी घालणार नाही.

राग मानू नका. आलात तर मासा खाऊन जा.

एर्मिनियो

बाबा जाळी बघायला गेले, आता हे माझं.

धर्ममाय, पहिल्या पत्रात मी सगळं आनंदाने लिहिलं ते खोटं होतं. मला वाटलं तुम्ही ओळखाल. मला भीती वाटते. माझी मैत्रीण वाल्दिरा हिचे मागच्या वर्षी काढले, तुमच्या सिमेंटसकट. ती अजून हसताना हात तोंडावर धरते, आणि कसाव्याचा भाजलेला रवा, आपला फरीन्या, आधी पाण्यात भिजवून खाते, म्हातारीसारखा. तिचं वय अठरा. फरीन्या खडखडीत नसेल तर माशाबरोबर खायचा कशाला?

आणि तुमचाही मला राग आला. बाबांना माझ्या तोंडात एल्झाआत्या दिसते, तुम्हाला सप्टेंबर दिसतो. हे तोंड माझं आहे हे तुमच्यापैकी कुणालाच आठवलं नाही. मी तुमची तपासणी आहे का? सिमेंट सप्टेंबरपर्यंत टिकलं की मग उपटले तरी चालतील का? याचं सरळ उत्तर द्या.

पुढच्या एका दातावर तपकिरी डाग आहे. तिबुर्सियो म्हणतो तिथूनच सगळे सडत जातील. हे खरं का?

जुसिरेनी


बेलेम
९ एप्रिल १९९४

प्रिय जुसिरेनी, आणि एर्मिनियोदादा,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. काही गाळू नकोस.

दादा, अडाणी हा शब्द मी परत घेते. एल्झाबद्दल मला माहीत नव्हतं. मी तुमच्या गावातली तोंडं तपासली, घरांत कधी विचारलं नाही. पण बाकीचं मी परत घेत नाही. एल्झाची एक दाढ किडली होती. ती वेळेवर भरली असती, अगदी नुसती काढली असती, तरी ती आज असती. तिच्या बाकीच्या दातांनी काय गुन्हा केला होता? तुम्ही भीतीपोटी करता हे मला कळलं. तरीही म्हणते की चूक आहे.

होडीचा प्रश्न मात्र तुमचा खरा आहे, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आता आहे. लसीची होडी दर महिन्याला तुमच्या काठाला लागते. तिच्यावरच्या आरोग्यसेविका बेर्नादेती या गेला आठवडाभर माझ्याकडे होत्या. त्यांना मी खरवडायचं आणि सिमेंट बसवायचं शिकवलं, आणि सूज कशी ओळखायची, कोणतं औषध लगेच सुरू करायचं तेही. हत्यारांची पिशवी त्यांच्याबरोबर दिली आहे. जे त्यांच्याने होणार नाही त्यासाठी मी वर्षातून दोनदा येईन. कॉलेजने याला परवानगी दिलेली नाही. मी विचारलेलीच नाही.

आता तुझं, जुसिरेनी. सरळ उत्तर मागितलंस, घे. हो, पत्र लिहिताना मला सप्टेंबरच दिसत होता. तुझा राग वाजवी आहे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी मला बोलावलं. तुझ्यासारख्या, म्हणजे दाढा भरलेल्या आणि आता लग्नाला आलेल्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त जणींचे दात उपटले गेलेत. ते म्हणाले, या मुली तक्त्यातून वगळून टाका, 'संपर्क तुटला' असं लिहा. मग सिमेंटचे आकडे सुरेख दिसतात. मी म्हटलं, संपर्क कुठे तुटलाय, मला पत्रं येतात. ते म्हणाले, पत्रं म्हणजे संशोधन नव्हे. मी म्हटलं, एक नवा रकाना घाला: सिमेंट शाबूत, दात शाबूत, तरी उपटले. ते हसले. मी या आतापर्यंतच्या अहवालावर सही केलेली नाही. पुढच्या वर्षी मी या विभागात असेन की नाही ते माहीत नाही, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार होते. इथे सगळे जण आणखी टणक सिमेंट आणि आणखी पांढरं सिमेंट करण्यात गुंतले आहेत. पक्कडीपुढे टिकेल असं सिमेंट अजून कुणी केलेलं नाही.

तो तपकिरी डाग टणक आणि चकचकीत असेल तर बहुधा ती थांबलेली कीड आहे. तिबुर्सियोला सांग, थांबलेल्या माणसाला कुणी धक्का मारत नाही. पेस्ट लावून दोन वेळा घास, थुंक, पण मग चूळ भरू नकोस, ती दातावर राहू दे. कॉफीत साखरेचा पाक करतेस तो बंद कर.

आणि ते सिमेंट माझं नाही. भरलं त्या दिवसापासून तुझं आहे. दातही तुझे आहेत. काढायचे ठरवलेस तरी मी तुझी धर्ममायच राहीन, बूट जाळून घेतलेत मी त्यासाठी. फक्त ते तू ठरव, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल.

नॉर्मा


कोस्ता दो काकाउ
३ मे १९९४

प्रिय धर्ममाय,

आशीर्वाद मागते, आणि आता जे सांगते ते बसून वाचा.

तुमचं पत्र मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. लसीची होडी आली तेव्हा ते बेर्नादेतीबाईंच्या पिशवीत डोकावून गेले आणि एवढीशी हत्यारं बघून नाक मुरडून आले. साखरपुडा ठरला तसाच ठेवला. तिबुर्सियोला निरोप आधीच गेला होता आणि दिलेला शब्द बाबा फिरवत नाहीत.

पाणी यंदा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलंय, त्यामुळे पाहुणे होड्या थेट ओसरीला बांधूनच आत आले. जेवणं झाली. मग बाबांनी डबी आणून आईच्या जाळीदार टेबलक्लॉथवर मधोमध ठेवली. आत गुलाबी मेणात बसवलेले सहा पुढचे दात होते, नमुन्याचे. बाबांनी सगळ्यांत पांढरे निवडले होते. डबी हातोहात फिरली. बायका ते दात स्वतःच्या ओठांशी धरून बघत होत्या आणि हसत होत्या. एदिवानची आई म्हणाली, राणीला शोभतील. तिबुर्सियो कोपऱ्यात बसून तिसऱ्यांदा मासा वाढून घेत होता, पिशवी त्याच्या पायाशी होती.

डबी माझ्या हातात आली तशी मी ती बंद केली. उभी राहिले. मी म्हटलं, "बाबा, भेट फार मोठी आहे. पण मी दात देणार नाही."

आधी लोकांना वाटलं मी लाजतेय. मी परत म्हटलं. मग एदिवानच्या आईने तोंड सोडलं. म्हणाली की आज नखरे, उद्या हिची एकेक दाढ ठणकेल आणि माझा मुलगा जन्मभर हिला होडीत घालून हिंडेल, आम्ही सून आणतोय की दुखणं? एदिवान ताटातले काटे मोजत होता. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांच्यासमोर एल्झाआत्या होती, मला ते दिसत होतं, आणि म्हणून मला त्यांच्यावर ओरडताही येईना. ते हळू आवाजात म्हणाले, "मग हे लग्न होणार नाही."

मी म्हटलं, "नको होऊ दे."

बोलून गेले आणि मग एदिवानकडे बघितलं. एदिवान मला आवडतो, धर्ममाय. हे मी तुम्हाला आधी लिहिलं नव्हतं.

आणि मग आई उठली. तुम्ही तिला बघितलंय, चार माणसांत ती कॉफी ओतण्यापुरती बोलते. ती टेबलापाशी आली, पाठ वगैरे न फिरवता तिने तोंडातून वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही त्या डबीशेजारी ठेवल्या. वीस वर्षांत बाबांनीसुद्धा तिला उजेडात असं पाहिलं नसेल. तिचं तोंड एकदम आत गेलं. माझी आई अडतीस वर्षांची आहे.

तिने तिबुर्सियोला विचारलं, "माझे तूच काढलेस. किती किडले होते?"

तो म्हणाला, आता कसं आठवेल, बाई, किती तोंडं पाहिली.

"मला आठवतं. दोन. बाकीचे दुखत नव्हते." तिचे शब्द नुसत्या वाऱ्यासारखे बाहेर पडत होते, पण एकही माणूस हसला नाही. मग ती बाबांकडे वळली. "मला कुणी विचारलं नाही. मीही कधी बोलले नाही, कारण भेट होती. आज हिला विचारलं नाहीत. उद्या जुसिमाराला विचारणार नाही. एर्मिनियो, हिला विचार."

बाबांनी आईच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि दुखलं तर?"

मी म्हटलं, "दुखलं तर ओरडेन. बेर्नादेतीबाई भरतील. नाही भरला गेला तर तो काढा. तो एकच. जो दुखत नाही त्याला हात लावायचा नाही."

बाबा उठून होड्यांकडे गेले. पाहुणे पांगले. एदिवानची आई जाताना आईला म्हणाली, ते तोंड झाक आधी. आई म्हणाली, "गरम होतंय." बाबांनी तिबुर्सियोची पिशवी स्वतः उचलून त्याच्या होडीत ठेवली. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी करायला गेले तर त्यांनी साखरेचा डबा माझ्या हाताबाहेर, फळीवर चढवून ठेवलेला होता.

शेजारपाजारी आता दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात एर्मिनियोची पोरगी शेफारली, शहरातल्या डॉक्टरणीने बिघडवली. वाल्दिरा मात्र मला भेटायला आली आणि हात तोंडावर न धरता रडली. तुमच्या त्या नव्या रकान्यात तिचं नाव घाला म्हणाली. आईनेही घालायला सांगितलंय. मी तिला समजावलं की तुझ्या दातांत सिमेंट नव्हतंच, ते त्यात बसत नाही. आई म्हणाली, डॉक्टरणीला सांग, बसव. तेव्हा विभागप्रमुखांनी परत हसून दाखवलं तर त्यांना इथे पाठवा. आई बोलेल त्यांच्याशी, हवं तर कवळी न घालता.

लग्न मोडलं असंच सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. काल दुपारी एदिवान एकटाच होडी घेऊन आला. ओसरीला होडी बांधली, पण आत आला नाही. तिथेच काठावर पाय पाण्यात सोडून बसून राहिला. मी माझं जाळं दुरुस्त करत राहिले, म्हटलं बसू दे. शेवटी त्याने विचारलं की ते सिमेंट कसं दिसतं. मी तोंड उघडून दाखवलं. त्याने नीट वाकून बघितलं. मग स्वतःचं तोंड उघडलं. डावीकडची खालची दाढ, धर्ममाय, आत अख्खा चणा मावेल. कधीपासून दुखते विचारलं तर म्हणाला दोन वर्षं. आईला सांगितलं असतं तर तिने तिबुर्सियोला बोलावलं असतं, आणि तो एकावर थांबत नाही, म्हणून गप्प बसलो. साखरपुड्यातही ठणकत होती. म्हणून तो ताटात बघत होता, आणि मी त्याला भित्रा समजत होते. भित्रा तो आहेच म्हणा.

त्याने विचारलं, "लग्न जूनमध्येच ना मग?"

मी म्हटलं, "आधी दाढ भरून ये. किडकं तोंड घेऊन मी नवरा करणार नाही."

तुमची,
जुसिरेनी